सूर्यास्त बघायचाय? आधी पंचांग काढा

तुम्ही विचारलंय की समुद्र, डोंगर, वाळवंट यांत सगळ्यात देखणा सूर्यास्त कुठला, आणि नोव्हेंबरात चार दिवस सुट्टी काढून, सासूबाईंना बरोबर घेऊन पुण्याहून गाडीने कुठे जावं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते शेवटी देतो. पहिला प्रश्नच मला जरा चुकलेला वाटतो.

गेली वीस-बावीस वर्षं आठवड्यातल्या तीन-चार संध्याकाळी मी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर असतो. टेकडी तीच, बसायचा दगडही बहुतेक तोच. तरी वर्षातून जेमतेम दहा-पंधरा सूर्यास्त असे होतात की घरी जाऊन बायकोला सांगावंसं वाटतं. बाकीचे नुसतेच मावळतात. जागा न बदलता एवढा फरक पडतो तो हवेमुळे आणि ढगांमुळे. म्हणून आधी महिना ठरवा, मग गाव.

सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा त्याचा उजेड माथ्यावर असतानाच्या सुमारे ३८ पट हवेतून आपल्यापर्यंत येतो. वाटेत निळा रंग विखरून जातो, तांबडा-नारिंगी उरतो. हे सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं. पण त्यावरून ‘धूळ-धूर जास्त तर रंग जास्त’ असा जो समज झालाय तो उलटा आहे. खालच्या थरातला धूर रंग मारतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचं झाकण बसतं, धूर खालीच कोंडतो आणि सूर्य कुंकवाच्या टिकलीसारखा लाल होऊन क्षितिजाच्या वरच कुठेतरी विरून जातो. टिकली सुरेख दिसते, पण भोवतीचं आकाश राखाडीच राहतं. याउलट सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर पावसाने हवा धुऊन ठेवलेली असते, उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग असतात आणि पश्चिमेला खाली मोकळी फट असते. ती फट महत्त्वाची. ती बुजलेली असली तर वर कितीही सुंदर ढग असोत, त्यांना पेटवायला उजेडच पोचत नाही. (ज्वालामुखी हा अपवाद. १८८३ साली क्राकाटोआ फुटला तेव्हा पुढे कित्येक महिने जगभर आकाश पेटल्यासारखं दिसायचं. पण तो माल ढगांच्याही वर गेला होता, आपल्या चांदणी चौकातल्या धुरासारखा नाकासमोर नव्हता.)

आता लोकांची एक सवय, जी बघून माझा जीव तुटतो. आपल्याकडे बिंब टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत साधारण सव्वादोन मिनिटं लागतात. ते बुडालं की टेकडीवरची निम्मी मंडळी मोबाईल खिशात घालून उतरायला लागतात. खरी गंमत त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी असते. आपल्यासाठी सूर्य बुडालेला असतो, पण आठ-दहा किलोमीटर उंचीवरच्या ढगांना तो अजून दिसत असतो आणि ते खालून उजळतात. तेव्हाच एकदा पाठ फिरवून पूर्वेकडे, हडपसरच्या बाजूला बघा. क्षितिजालगत निळसर करडा पट्टा वर चढताना दिसेल आणि त्याच्यावर फिका गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. इतकी वर्षं वर येणाऱ्यांनाही हे सांगावं लागतं.

दिशाही बदलते. जूनमध्ये टेकडीवरून सूर्य सूसच्या अंगाला मावळतो, डिसेंबरात बावधनच्या. मधलं अंतर जवळजवळ पन्नास अंश. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ साधारण दहा अंशांची, म्हणजे पाच मुठी. त्यामुळे कुणी पावसाळ्याआधी पाहिलेला ‘पॉइंट’ हिवाळ्यात नेमका डोंगराआड जाऊ शकतो.

प्रदेशांबद्दल माझं मत असं, की सूर्यापेक्षा उजेड कशावर पडतोय ते बघावं. कच्छच्या रणात खाली पांढरं मीठ, त्यामुळे आकाशाचा रंग जमिनीवर उतरतो. हंपीत ग्रॅनाइटचे धोंडे तापल्यासारखे तांबूस होतात. उत्तराखंडातल्या कौसानीला सूर्य सोडून त्रिशूळ शिखराच्या बर्फाकडे तोंड करून बसायचं. उत्तरेकडच्या देशांत सूर्य तिरका उतरतो, म्हणून संधिप्रकाश तासभर रेंगाळतो. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ बुडतो आणि पंचवीस मिनिटांत दिवेलागण. वाळवंटाचं मात्र फार कौतुक नको. एका टूरवाल्याने आम्हाला जैसलमेरजवळच्या वाळूत उंटावर बसवून नेलं, माणशी पैसे आधीच घेतले, आणि त्या दिवशी धुळीत सूर्य असा गडप झाला की तो मावळला की ढगाआड गेला यावर उंटवाल्याशी वाद झाला.

सह्याद्रीची कड घरचीच. राजगडाची संजीवनी माची, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, महाबळेश्वरचा बॉम्बे पॉइंट, सगळी पश्चिमेला कोकणाकडे तोंड करून. डोंगरांच्या रांगांमागे रांगा फिक्या होत जातात तेव्हा थोडं धुकट असलेलंही चालतं. पण सासूबाईंना माची चढवणार नाही, आणि बॉम्बे पॉइंटला सुट्टीत सूर्यापेक्षा माणसांची डोकी जास्त दिसतात.

म्हणून तुम्हाला दिवेआगर. ताम्हिणी-माणगावमार्गे जा. आता पंचांग. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे नेमकी सूर्यास्ताला भरती आणि पाय ठेवायला अरुंद पट्टी. पौर्णिमेला भरती अकरा-बाराच्या सुमारास, तेव्हा संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी. दिवेआगरची पुळण सपाट आहे. पाणी मागे सरलं की ओल्या वाळूवर पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो आणि त्यात अख्खं आकाश उलटं पडतं. त्यावर चालणाऱ्या बाईच्या पायाखालून तिचंच प्रतिबिंब नारिंगी रंगात तरंगत जातं. बिंब पाण्याला टेकताना खालून चपटं होतं ते नीट बघा. हवेत प्रकाश वाकतो त्यामुळे ते दिसतं, हिशोबाने तोवर सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. आणि पौर्णिमा असेल तर त्याच सुमाराला मागे सुरूच्या बनावरून चंद्र वर येतो. एका जागी उभं राहून नुसती मान वळवायची.

नोव्हेंबरात समुद्रावर कधीकधी धुरकट थर असतो, तेव्हा एका संध्याकाळवर विसंबू नका. पौर्णिमेच्या आधीचा एक आणि नंतरचा एक असे तीन दिवस ठेवा. सासूबाईंसाठी घडीची खुर्ची न्या, वाळूत बसून उठणं त्यांना जड जाईल. आणि ओहोटीला वाळू घट्ट दिसते म्हणून गाडी पुळणीवर घालू नका. चाक रुतलं तर भरती येईपर्यंत ट्रॅक्टरवाला मिळेलच असं नाही.