रवी सिंहेत आला की

आधी तारखा पक्क्या कर. सायन पद्धतीत, म्हणजे वसंतसंपातापासून राशी मोजतात तिथे, रवी (सूर्य) २३ जुलैच्या सुमारास सिंहेत येतो, आपल्या निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून राशी मोजणाऱ्या पंचांगात १७ ऑगस्टच्या आसपास. फरक अयनांशाचा, म्हणजे या दोन मोजण्यांच्या आरंभांमधल्या अंतराचा, सध्या साधारण २४ अंश. दोन्ही भाकितं एकत्र कालवू नकोस, नवशिके तिथेच फसतात.

सिंह ही रवीची स्वरास, म्हणजे स्वतःची रास, समोर शनीची कुंभ. रवी म्हणजे वडील, अधिकार. म्हणून या महिन्यात बाप-लेकाच्या, साहेब-कारकुनाच्या कुरबुरी घेऊन लोक येतात. परवाच एक मुलगा वडिलांची पत्रिका मुठीत चुरगाळून बसला होता. मी आधी पाणी दिलं, मग लग्नापासून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीपासून, सिंह कितवं स्थान ते मोजलं.

आणि ‘भांडण होणारच’ असं कधी सांगू नकोस रे. ऐकणारा घरी जाऊन भांडतोच.