फोर्ट कोची पहिल्यांदा बघताना

कोचीला जाताय तर शुक्रवार-शनिवार टाळा. फोर्ट कोचीला लागूनच असलेल्या मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि तिथून चालत जाता येईल असं १५६८ चं ‘परदेशी सिनेगॉग’, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी. सिनेगॉगमध्ये खांदे-गुडघे झाकणारे कपडे लागतात, चपला बाहेर. आत गेल्यावर खाली बघा, चिनी निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत.

राजवाड्याला लोक डच पॅलेस म्हणतात, पण तो बांधला पोर्तुगीजांनी, कोचीच्या राजासाठी. डचांनी १६६३ नंतर दुरुस्त केला. रामायणाची भित्तिचित्रं तिथेच आहेत. घाई करू नका, माझ्या मते अख्ख्या कोचीत याहून सुंदर काही नाही.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ मध्ये पुरलं होतं. अवशेष पुढे लिस्बनला नेले, पण कबरीची जागा दाखवतात. मासे पकडायची चिनी जाळी संध्याकाळी बघा, तेवढं पुरे.

पाण्यापलीकडच्या एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला यायला टॅक्सी नको, बोटच घ्या. स्वस्त आहे आणि बंदर पाण्यावरूनच कळतं.

आणि मट्टांचेरीतल्या चेर्लाई भागात नक्की जा. पोर्तुगीजांच्या छळामुळे गोवा सोडलेल्या सारस्वतांचं तिरुमला देवस्थान तिथे आहे. आजूबाजूला अजून कोकणी बोलतात, कान देऊन ऐका, बरंच समजेल.