सोलापुरात भर दुपारची सावली दक्षिणेकडे का पडते?

तुम्ही विचारलंय, सोलापुरात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडते तरी कुणाच्या लक्षात येत नाही, अशी एखादी खरी गोष्ट सांगा. मी सावलीची सांगेन.

दुपारी सूर्य डोक्यावर येतो, असं आपण रोज बोलतो. सोलापुरात तो बरोबर डोक्यावर येतो वर्षातून दोनदाच : 10 मेच्या सुमारास आणि पुन्हा 2-3 ऑगस्टला. तेही बाराच्या ठोक्याला नाही. मे महिन्यात ती वेळ असते 12 वाजून 23 मिनिटं, ऑगस्टमध्ये 12 वाजून 33. आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतात आणि सोलापूर आहे 75.9 अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली की 26 मिनिटांचा उशीर इथेच झाला. उरलेला फरक पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे आणि लंबवर्तुळाकार कक्षेमुळे पडतो. तो मेमध्ये वेळ थोडी अलीकडे आणतो, ऑगस्टमध्ये पलीकडे ढकलतो.

खरी गंमत या दोन तारखांच्या मधल्या बारा आठवड्यांत आहे. तेव्हा मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणून सावली दक्षिणेकडे पडते आणि उत्तरेकडच्या भिंतीवर भर दुपारी तिरकं ऊन पडतं. 21 जूनला एक मीटरच्या काठीची सावली दक्षिणेला 10 सेंटिमीटर असते. 22 डिसेंबरला तीच उत्तरेला 87 सेंटिमीटरपर्यंत लांबते. दिल्लीकरांना यातलं काहीच दिसत नाही. दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे, तिथे 21 जूनलासुद्धा मीटरभर काठीची 9 सेंटिमीटर सावली उत्तरेलाच उरते.

ज्या रेघेवर भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, ती बिनसावलीची रेघ मेच्या या दिवसांत रोज साधारण 28-29 किलोमीटर उत्तरेला सरकते. 7 मेच्या आसपास ती विजयपुरावर (विजापूर) असते, तीन दिवसांनी सोलापुरावर, 13 मेच्या सुमारास करमाळ्यावर. पंढरपूर आणि सोलापूर जवळजवळ एकाच अक्षांशावर असल्यामुळे दिवस दोन्हीकडे एकच. पण पंढरपूर पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथे सावली सव्वादोन मिनिटं उशिरा नाहीशी होते.

स्वतः बघायचं असेल तर 30 सेंटिमीटरचा, चार-पाच सेंटिमीटर जाडीचा पीव्हीसी पाइप घ्या, दोन्ही टोकं काटकोनात कापलेला. कोरा पुठ्ठा अंथरून त्यावर तो उभा करा आणि शेजारी ओळंबा धरून दोन बाजूंनी सरळ आहे का ते तपासा. नुसता दोरा टांगून काम होत नाही : सूर्याची चकती अर्ध्या अंशाची असते, तेवढ्याने बारीक दोऱ्याची सावली खाली येईपर्यंत पुसून जाते.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते गच्चीवर. पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला मीटरमागे सेंटिमीटरभर तरी उतार दिलेला असतो. तेवढ्याने 30 सेंटिमीटरच्या पाइपाची 3 मिलिमीटर खोटी सावली पडते, म्हणजे सूर्याच्या दोन मिनिटांहून जास्त चालीइतकी चूक. म्हणून फरशीचा तुकडा ठेवा, पाणसळ (स्पिरिट लेव्हल) लावा, ज्या बाजूला उतार आहे तिकडे कागदाच्या घड्या सारा आणि मगच पाइप उभा करा.

10 मेला 12:10 पासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करत जा. सुरुवातीला सावली पश्चिमेला दीडेक सेंटिमीटर असेल, प्रत्येक खुणेला सुमारे अडीच मिलिमीटरने आखडेल, 12:23 ला पाइपाच्या बुडाशी दिसेनाशी होईल आणि मग पूर्वेला फुटेल. पाइपातून वर सूर्याकडे मात्र चुकूनही पाहू नका, आणि मुलं बरोबर असतील तर हे त्यांना आधीच बजावून ठेवा. चाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात अर्धा तास उभं राहायचंय. टोपी आणि पाणी जवळ असू द्या.

ऑगस्टवर भिस्त ठेवू नका, पावसाळी ढगांत बहुतेक वेळा काही दिसत नाही. सोलापुरातला दिवस हुकला तर 12-13 मेला पाइप घेऊन बार्शीला जा.