बॅटमॅनने जोकरला एकदाचा मारून का टाकू नये?

हाच प्रश्न आमचा दादा गेली पंधरा वर्षं मला विचारतोय, म्हणून लिहायला बसलो.

आधी इतिहास उरकतो. १९३९ साली कॉमिकमध्ये आलेला मुखवटेवाला नायक बॅटमॅन सुरुवातीला बिनदिक्कत माणसं मारायचा. पहिल्याच गोष्टीत एकाला ठोसा मारून ॲसिडच्या टाकीत पाडतो आणि वर म्हणतो, असल्यांचं असंच व्हायला हवं. पुढे संपादक व्हिटनी एल्सवर्थने हे सगळं बंद करायला लावलं. जोकरही १९४० मध्ये पहिल्याच अंकात मरणार होता, याच एल्सवर्थने शेवटी एक चित्र वाढवून त्याला वाचवला. एवढा चालणारा खलनायक कोण मरू देईल?

आता आमच्या घरचं. सोसायटीच्या गच्चीवरच्या पितळी तोट्या चोरीला जात होत्या. एका रात्री सतरा-अठरा वर्षांचा पोरगा सापडला, पिशवीत चार तोट्या आणि पाना. खाली आणून पार्किंगमधल्या खांबाला कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधला. दादाच्या हातात माझाच स्टंप. दुसऱ्या मजल्यावरचे काका, एरवी जिना चढताना दोनदा टेकणारे, हातात चप्पल घेऊन रांगेत. हो, चक्क रांग लागली होती. चौथ्या माणसाने मला हळूच विचारलं, "काय चोरलंय रे यानं?" पोराच्या कानातून रक्त आलं तेव्हा मी मध्ये पडलो, एक फटका मनगटावर खाल्ला आणि पोलिसांना फोन लावला.

दोन महिन्यांनी पुन्हा तोट्या गेल्या. कुणी नेल्या देव जाणे, पण दादाच्या लेखी माझ्यामुळेच. तेव्हापासून घरात माझं नाव बॅटमॅन. माझ्या लग्नातसुद्धा.

त्याचा हुकमाचा एक्का म्हणजे १९८८. जोकरने दुसऱ्या रॉबिनला, म्हणजे बॅटमॅनच्या पोरगेल्या साथीदाराला, मारलं, तरी बॅटमॅन त्याचा जीव घेत नाही! अरे, पण त्या रॉबिनला मारायचं की जगवायचं हे वाचकांनीच पैसे मोजून, फोन करून ठरवलं होतं. मारा म्हणणारे ५३४३, जगवा म्हणणारे ५२७१. तीही आमच्या पार्किंगसारखी रांगच.

तर माझं मत, मारू नये. जोकर काही सुधारत नाही, ते मान्य. पण मुखवटेवाल्याला जाब विचारणारं कुणी नसतं. कॉमिकमध्ये चोर कोण हे वाचकाला आधीच ठाऊक असतं, पार्किंगमध्ये नसतं.

बाकी १९७४ पासूनचा पनिशर, कॉमिकमधलाच दुसरा एक नायक, गुन्हेगारांना सरसकट मारतो आणि तोही मी चवीने वाचतो, हे कबूल. स्वतःच्या जिवावर बेतलं तर गोष्ट वेगळी, हेही कबूल.

आणि दादा, वाचत असशील तर ऐक. तोट्या आता प्लॅस्टिकच्या आहेत, तेव्हापासून एकही गेलेली नाही. माझा स्टंप परत दे.