'सहभागी अर्थशास्त्र' चालेल का? आणि सिक्युरिटीला 'सुरक्षा'च का?

प्रश्न असा आलाय की 'पार्टिसिपेटरी इकॉनॉमिक्स विषम समाजात लोकांना सिक्युरिटी कशी देऊ शकेल' यावर मराठीत लेख लिहायचाय, तर 'सहभागी अर्थशास्त्र' आणि 'सुरक्षा' हे शब्द बरोबर आहेत का, की सरळ 'सहकारी अर्थव्यवस्था' म्हणावं.

सहकारी तर अजिबात नको. सहकारी संस्था सभासदांच्या मालकीची असली तरी ती बाजारातच उभी असते, स्पेनमधली १९५६ साली सुरू झालेली माँद्रागोन घ्या, कामगारच मालक, पण माल विकायचा इतर कंपन्यांशी स्पर्धा करूनच. लेखक-कार्यकर्ते मायकेल अल्बर्ट आणि अर्थतज्ज्ञ रॉबिन हॅनेल या अमेरिकनांनी १९९१ मध्ये पार्टिसिपेटरी इकॉनॉमिक्सची जी कल्पना मांडली (लाडाने तिला पॅरेकॉन म्हणतात) तिच्यात बाजारही नाही आणि वरून हुकूम सोडणारं नियोजन मंडळही नाही. काम करणाऱ्यांच्या परिषदा आणि माल वापरणाऱ्यांच्या परिषदा आपापले प्रस्ताव मांडतात, मग ते फेऱ्या-फेऱ्यांनी बदलत जुळवत आणायचे.

दुसरं म्हणजे 'अर्थशास्त्र' पण खटकतं. इंग्रजी नावात इकॉनॉमिक्स आहे म्हणून आपण शास्त्र लिहितो, पण इथे अभ्यासाचा विषय नाहीये, व्यवस्था कशी असावी त्याचा आराखडा आहे, म्हणून अर्थव्यवस्था.

आता 'सहभागी'. खरी गंमत इथे आहे. मूळ 'भागिन्' म्हणजे ज्याचा वाटा आहे तो, भागीदार शब्दात हा अर्थ अजून जिवंत आहे, नफा झाला तरी वाटा आणि तोटा झाला तरी वाटा. पण सहभागी हा शब्द वापरून वापरून पार पातळ झालाय, 'शिबिरात दोनशे जण सहभागी झाले' म्हणजे आले, बसले, चहा घेतला, गेले! तिथे त्यांना कोणी काही विचारलं असेलच असं नाही. आणि पॅरेकॉनचा तर जीवच यात आहे की ज्याच्यावर निर्णयाचा जितका परिणाम तितकं त्याचं म्हणणं मोजायचं. तरीही मी सहभागीच ठेवीन, कारण 'सहभागी लोकशाही' रुळलाय आणि नवा शब्द घडवला तर तो समजावण्यातच अर्धा लेख जाईल. फक्त पहिल्यांदा वापराल तिथे 'म्हणजे निर्णयात वाटा असलेली' असं जोडून टाका.

सुरक्षा मात्र बदला. 'सामाजिक सुरक्षा' सरकारी भाषेत पक्का आहे हे मान्य, पण नुसतं सुरक्षा म्हटलं की डोळ्यासमोर गेटवरचा रखवालदार येतो, आणि विषम समाजात तो रखवालदार बहुतेक वेळा ज्यांच्याकडे आहे त्यांचं राखायलाच असतो, म्हणजे वाक्याचा अर्थच उलटा व्हायचा. आपण बोलताना काय म्हणतो? 'नोकरीची शाश्वती नाही', 'उद्याची शाश्वती नाही'. हाच शब्द हवा. कारण या कल्पनेत जे मिळतं ते कुंपण नव्हे, उद्याची खात्री आहे: ज्याला काम करणं शक्य नाही त्याला गरजेप्रमाणे मिळणार, आणि जो करतो त्याला एकटा साहेब मनात आलं म्हणून घरी बसवू शकत नाही, कारण तसा साहेबच नाही. शिवाय कामंही अशी वाटायची की कंटाळवाणी आणि डोकं लावायची दोन्ही प्रत्येकाच्या वाट्याला यावीत. (इंग्रजीत त्याला 'बॅलन्स्ड जॉब कॉम्प्लेक्स' म्हणतात, आपण 'कामांचा समतोल संच' म्हणा, 'संतुलित कार्यसंकुल' वगैरे नको, कुठल्यातरी बिल्डरचा प्रोजेक्ट वाटतो.) एवढ्या परिषदा आणि बैठका लोक खरंच झेपवतील का ही शंका मला आहेच, पण तो शब्दाचा प्रश्न नाही.

तर वाक्य साधारण असं करा: 'सहभागी अर्थव्यवस्था, म्हणजे निर्णयात प्रत्येकाचा वाटा असलेली व्यवस्था, विषम समाजात लोकांना जगण्याची शाश्वती कशी देऊ शकेल'.

आणि हो, लेखात मोबदल्याचा मुद्दा येणारच. तिथे पगार लिहू नका. तो पोर्तुगीजांकडून आलेला, पैसे चुकते करण्याचा शब्द, कशासाठी चुकते केले ते त्यात नाही. पॅरेकॉनमध्ये मालमत्तेला, वशिल्याला किंवा जन्मजात हुशारीला पैसे नाहीत, सोसलेल्या कष्टाला आहेत, आणि त्याला आपल्याकडे 'मेहनताना' हा आयता शब्द पडून आहे.