वाचक विचारतात : भोकाचा पैसा, हरवलेली मोड आणि नवा टाइम

प्रश्न : आजीचा शिवणाचा डबा आवरताना बटणांमध्ये पाच-सहा नाणी सापडली, मधोमध मोठं भोक, साल १९४३-४४. बाबा म्हणतात पैसा आहे, मुलगा म्हणतो वॉशर. आजी नेहमी म्हणायची, "लढाईत पैसा होता पण मोड नव्हती." म्हणजे नक्की काय? आणि ह्या नाण्यांना आज काही किंमत येते का?
– एक वाचक, शनिवार पेठ

उत्तर : दोघंही बरोबर. तो भोकाचा पैसाच आहे, रुपयाचा चौसष्टावा भाग, आणि पुढे कितीतरी घरांत तो वॉशर म्हणूनही लागला, कुणी पोरांच्या करगोट्यात ओवला.

आता मोडीचं, म्हणजे सुट्या पैशांचं. पुण्यावर काही लढाईतला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला, बॉम्ब पडला नाही (जानेवारी १९४३ मध्ये कॅम्पातल्या कॅपिटॉल थिएटरात फुटला तो आपल्याच पोरांनी ठेवलेला, चलेजावच्या दिवसांतला), पण लढाई घरात शिरली ती अशी गल्ल्यातून. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला आणि लोकांच्या मनात आलं की उद्या इंग्रज हरला तर ह्या कागदाचं करायचं काय, झालं, नोटा देऊन चांदीचे रुपये घ्यायला गर्दी, आणि एकदा घरी गेलेला रुपया गाडग्यात गेला तो परत बाजारात आलाच नाही. सरकारने लगोलग गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणं गुन्हा ठरवलं, एक रुपयाची नोट काढली, त्या नोटेवर चित्र कशाचं तर रुपयाच्या नाण्याचं! म्हणजे बघा, समजूत कुणाची काढायची होती ते. त्याच वर्षी रुपयातली चांदी जवळपास ९२ टक्क्यांवरून ५० वर आणली, आणि राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा) रुपया मार्च १९४१ नंतर चलनातून बाद.

हे झालं रुपयाचं. खरी बोंब पुढच्या दोन-तीन वर्षांत झाली ती आणे-पैशांची. खडकीचा दारूगोळा कारखाना जोरात, कॅम्प-खडकीत पलटणी, रोख पगार, नोटा नुसत्या छापल्या जात होत्या (देशभरात १९३९ ला साधारण १८० कोटींच्या नोटा होत्या, लढाई संपताना अकराशे कोटींच्या वर), पण नोट घेऊन कोथिंबिरीची जुडी कशी आणणार? आणि तांब्याचा भाव असा चढलेला की पैशाचं नाणं वितळवलं तर पैशापेक्षा जास्त मिळायचं. मग नाणी राहतील कशाला.

आमच्या पणजोबांचं रविवार पेठेत छोटं किराणा दुकान होतं, त्यांच्या गोष्टी घरात अजून निघतात. गिऱ्हाईक रुपयाची नोट पुढे करायचं आणि ते आधी विचारायचे, "मोड आहे का? नसेल तर बाकीचं काय देऊ?" काड्यापेटी, सुपारी, नाहीतर पोस्टाची तिकिटं, तिकिटं तेव्हा सगळीकडेच मोड म्हणून फिरायची. पावसाळ्यात ती गल्ल्यात एकमेकांना चिकटायची, मग पणजी रात्री ती कोमट पाण्यात सोडवून पाटावर वाळत घालायची आणि गोंद गेलेलं तिकीट दुसऱ्या दिवशी कुणी घ्यायचं नाही, त्यावरून भांडण! नंतर पणजोबांनी कागदाच्या चिठ्ठ्या सुरू केल्या, 'दोन पैसे देणे' आणि खाली दुकानाचा शिक्का. त्या आळीत चालायच्या, आळीबाहेर नाही.

म्हणून मग १९४३ साली हा भोकाचा पैसा आला. आधीचा पैसा जवळजवळ पाच ग्रॅमचा, हा दोन ग्रॅमही भरत नाही, भोकामुळेही धातू वाचला. मधे जागाच नसल्यामुळे राजाचा चेहरा गेला, नुसता मुकुट राहिला. मोड वाढवायला सरकारने त्याच साली लाहोरला नवी टांकसाळही काढली. आण्याची नाणी तर १९४२ पासूनच निकेल-पितळेची, पिवळी व्हायला लागली होती, तुमच्या डब्यात एखादं असेल बघा.

किमतीचं म्हणाल तर फार आशा धरू नका, हे पैसे अमाप पाडले गेले, त्यामुळे जुन्या बाजारात अजून सहज मिळतात. विकायचे असोत नसोत, चिंच-मीठ लावून घासू मात्र नका, चकचकीत केलेलं नाणं घेणारा बाजूला सारतो.

प्रश्न : आजोबांच्या १९४४ च्या वहीत "मुहूर्त दु. १-१०, जुना टाइम १२-१०" असं लिहिलंय. घड्याळ चुकीचं होतं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : घड्याळ बरोबर, सरकारनेच काटा पुढे केला होता. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ अख्ख्या देशाचं घड्याळ एक तास पुढे होतं, दिवसाचा उजेड जास्त वापरता यावा म्हणून. पुण्यात एरवीही सूर्य डोक्यावर येतो साडेबाराच्या पुढे, तो तेव्हा दीड वाजून गेल्यावर यायचा, मग अभिजित मुहूर्त, नैवेद्य, मुंज सगळ्याचीच पंचाईत. म्हणून पत्रिकेत दोन्ही टाइम. शिवाय मुंबईत शहराचा स्वतःचा टाइम वेगळाच, स्टँडर्डच्या ३९ मिनिटं मागे, त्यामुळे वऱ्हाड मुंबईचं असेल तर तिसरा हिशोब!

प्रश्न : रेशनच्या दुकानाला आई 'कंट्रोल' का म्हणते?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : लढाईतलाच शब्द आहे तो. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ, वर्षाला दहा लाख टनांच्या वर यायचा तो, एकदम बंद झाला. रॉकेलचीही तीच गत. मग भावावर कंट्रोल, धान्य हलवण्यावर कंट्रोल, १९४३ च्या जूनपासून कापडावर कंट्रोल. मुंबईत २ मे १९४३ ला रेशन सुरू झालं, पुढे पुण्यालाही कार्डं आली. कंट्रोलमध्ये मिळालं नाही ते मागच्या दाराने मिळायचं, 'काळाबाजार' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो तेव्हाच. आमच्या पणजीची तक्रार मात्र वेगळी होती : घरात आंबेमोहोर खाल्लेली माणसं, आणि कंट्रोलच्या तांदळात खडे इतके की निवडायला दुपार जायची, "वजनात ते खडे पण धरलेत मेल्यांनी."