पायथनमधून प्रोग्राम चालवून त्याचा क्रॅश पकडायचाय: जीडीबी, एलएलडीबी की थेट पीट्रेस?

तुम्हाला एकच सी++ प्रोग्राम रात्रभर वेगवेगळ्या फायली देऊन लिनक्सवर आणि विंडोजवर चालवायचाय आणि क्रॅश झाला की स्टॅक (कोणत्या फंक्शनमधून कोणतं बोलावलं ती साखळी) नोंदवून पुढची फाइल घ्यायचीय, एवढंच ना? मग पीट्रेसच्या, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसवर ताबा ठेवू देणाऱ्या लिनक्सच्या सिस्टिम कॉलच्या, वाटेला जाऊ नका. मी गेले होते.

दिसायला ते फार सोपं दिसतं. फोर्क करून चाइल्ड प्रोसेस बनवा, चाइल्डमध्ये 'ट्रेसमी' (माझ्यावर नजर ठेवा) आणि मग एक्झेकने तुमचा प्रोग्राम सुरू, इकडे पेरेंट वेटपिडवर त्याची वाट पाहत बसलेला. एक्झेकनंतर येणारा पहिला सिगट्रॅप (डीबगरसाठी थांबल्याचा सिग्नल) हा क्रॅश नव्हे, हे एकदा कळलं की गाडी चालू लागते. मेख पुढे आहे. सिग्नल आला की प्रोग्राम थांबतो आणि त्याला पुढे सोडताना तो सिग्नल तुम्हालाच त्याच्या हवाली करावा लागतो. मी सरसकट शून्य देत होते. त्यामुळे सिगसेगव्ही (चुकीच्या मेमरीला हात लावल्याचा सिग्नल) मधल्या मध्ये गिळला जायचा, प्रोसेसर तीच फसलेली इन्स्ट्रक्शन पुन्हा चालवायचा, पुन्हा सिगसेगव्ही, पुन्हा माझं शून्य. सकाळी पाहते तर पहिल्याच फाइलचा एकच क्रॅश लाखो वेळा नोंदलेला आणि डिस्क तुडुंब. शिवाय स्टॅक उलगडणं, सिम्बॉल शोधणं हे सगळं स्वतःच लिहायचं. कशाला?

लिनक्सवर मी आता जीडीबी हा डीबगरच वापरते, पण एमआय मोडमध्ये (त्यात तो दुसऱ्या प्रोग्रामला वाचता येतील अशा ओळी देतो), वेगळी प्रोसेस म्हणून. ओळी वाचायला पायजीडीबीएमआय ही पायथन लायब्ररी आहे. 'स्टॉप्ड' आलं की कारण आणि सिग्नलचं नाव दोन्ही तपासा, कारण सिगयूएसआर१ (प्रोग्रामने स्वतःच्या कामासाठी वापरायचा सिग्नल) आला तरी जीडीबी थांबतो आणि तो क्रॅश नसतो. दोन डिफॉल्ट मात्र आधी बंद करा. जीडीबी प्रोग्राम शेलमधून सुरू करतो, ते एक. दुसरं म्हणजे तो मेमरीतल्या पत्त्यांचं रँडमायझेशन बंद ठेवतो, त्यामुळे टर्मिनलवर होणारा क्रॅश जीडीबीखाली कधीकधी होतच नाही आणि आपण डोकं धरून बसतो.

एलएलडीबी या दुसऱ्या डीबगरची पायथन एपीआय जास्त नीटनेटकी आहे, मॅकवर तर मी तीच घेईन. पण ती ज्या पायथनसाठी बिल्ड केलेली असते तोच लागतो, आणि लायब्ररी तुमच्याच प्रोसेसमध्ये असल्यामुळे ती कोसळली की स्क्रिप्टही गेली. जीडीबी अडकला तर किल करून नवा उभा करता येतो. रात्रभराच्या कामात मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. एलएलडीबी घेतलंच तर सिंक मोडच्या मोहात पडू नका, प्रोग्राम लटकला की तुमचा कॉलही लटकतो. लिसनर लावून ठरावीक सेकंदच वाट पाहा.

विंडोजवर डीबीजीइंजिन, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं डीबगर इंजिन. तिथे सी++ मधला साधा थ्रोसुद्धा फर्स्ट-चान्स एक्सेप्शन म्हणून, म्हणजे प्रोग्रामने तो हाताळायच्या आधीच, समोर येतो. तो 'हाताळला नाही' असं सांगून परत सोडा आणि फक्त सेकंड-चान्सला, म्हणजे प्रोग्रामनेही तो हाताळला नाही तर, क्रॅश धरा. सुरुवातीचा लोडरचा ब्रेकपॉइंटही वगळा. आणि डीबगरखाली सुरू केलेल्या प्रोग्रामला विंडोज डीबग हीप (चुका पकडायला जादा तपासण्या करणारी मेमरी) देतं, म्हणजे मेमरीच्या चुका वेगळ्याच जागी फुटतात. ते नको असेल तर 'नो डीबग हीप' (_NO_DEBUG_HEAP) हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करूनच प्रोग्राम सुरू करा. नावाच्या आधीही अंडरस्कोअर असतो, तो विसरू नका.